दुर्मीळ चुकीचा पहारा

एखाद्या जोखमीच्या कामात यंत्राला निर्णयात सहभागी करून घ्यायचा प्रश्न निघाला, की एक आश्वासन हल्ली जवळजवळ ठरलेल्या शब्दांत दिले जाते : यंत्र फक्त शिफारस करील, अंतिम निर्णय माणसाचाच राहील. मॅमोग्राफीच्या चित्रावर कृत्रिम बुद्धिमत्ता आपला अंदाज नोंदवील, पण अहवालावर सही रेडिओलॉजिस्टची असेल. चेहरा ओळखणारी प्रणाली संभाव्य व्यक्तींची यादी काढील, पण ती पडताळायला पोलीस अधिकारी असेल. मोटार स्वतःची लेन आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखील, पण चालकाचे लक्ष रस्त्यावरच असेल. या आश्वासनाला आता कायद्यातही जागा मिळाली आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याचे चौदावे कलम उच्च जोखमीच्या प्रणालींवर मानवी देखरेख असलीच पाहिजे असे सांगते.

या आश्वासनामागचा हेतू योग्य आहे, यात शंका नाही. मात्र ते मानवी मनाविषयीच्या एका गृहीतकावर उभे आहे आणि ते गृहीतक सहसा बोलून दाखवले जात नाही. माणूस जागा असेल, प्रशिक्षित असेल आणि प्रामाणिकपणे काम करत असेल, तर डोळ्यांसमोरची गोष्ट त्याला दिसतेच. न दिसली तर त्याचा अर्थ हलगर्जीपणा, असे ते गृहीतक आहे. संवेदन आणि अवधान यांच्या अभ्यासातून गेल्या पाऊणशे वर्षांत जे हाती आले आहे, त्याच्याशी हे गृहीतक जुळत नाही. मला येथे मांडायचा आहे तो दावा मर्यादित आहे : क्वचितच चुकणाऱ्या यंत्रावर सतत नजर ठेवणे हे काम मानवी अवधानाच्या रचनेला अत्यंत प्रतिकूल आहे; यंत्र जितके सुधारेल तितकी ही प्रतिकूलता वाढत जाईल; म्हणून मानवी देखरेखीला, आज ती बहुतेक ठिकाणी ज्या रूपात आहे त्या रूपात, सुरक्षेची हमी समजणे धोक्याचे आहे.

सुरुवात पाहण्याच्या प्रक्रियेपासून करावी लागेल. समोरचे सगळे दृश्य आपल्याला एकसारखे स्पष्ट दिसते असे वाटते, परंतु दृष्टिपटलाचा बारीक तपशील टिपणारा भाग दृष्टिक्षेत्राचे जेमतेम एक-दोन अंश व्यापतो. त्याच्या भोवतीचे चित्र धूसर असते आणि दृष्टितंतू जेथून बाहेर पडतो त्या अंधबिंदूवर तर ते नसतेच. डोळे सेकंदाला साधारण तीन-चार वेळा उडी मारून एकेक तुकडा गोळा करतात, आणि त्या तुकड्यांमधील रिकाम्या जागा मेंदू भरून काढतो. या भरण्याला जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच अबोध अनुमान म्हटले होते. पुढे शरीररचनेच्या अभ्यासातूनही त्या कल्पनेला आधार मिळाला. डोळ्यांकडून येणारी माहिती थॅलॅमसमधील ज्या केंद्रातून मेंदूच्या बाह्यकाकडे जाते, त्या केंद्रात डोळ्यांकडून आलेल्या जोडण्यांपेक्षा बाह्यकाकडून परत आलेल्या जोडण्या संख्येने अधिक आहेत. म्हणजे ‘काय दिसायला हवे’ याविषयीचा अंदाज वरून खाली येतच असतो आणि डोळ्यांतून आलेला पुरावा त्या अंदाजाशी ताडून पाहिला जातो. पुरावा अस्पष्ट असेल किंवा वेळ कमी असेल, तेव्हा अंदाजाचे पारडे जड होते.

दुसरी मर्यादा निवडीची आहे. मनाला एका वेळी एकच ज्ञान होते आणि ज्ञाने एकाच वेळी उपजत नाहीत यावरूनच मनाचे अस्तित्व ओळखावे, अशी भूमिका न्यायदर्शनाने फार पूर्वी घेतली होती. आधुनिक प्रयोगशाळेने या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आता बहुतेकांना ठाऊक असतो : चेंडूची फेकाफेक मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला, गोरिलाचा वेश केलेला माणूस दिसला नाही. हे प्रेक्षक नवखे होते, तज्ज्ञाच्या बाबतीत असे होणार नाही, असा आक्षेप त्यावर घेता येत होता. ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तो तपासला. फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना दाखवलेल्या चित्रांत त्यांनी गोरिलाची आकृती मिसळली. ती सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी होती, तरी २० जणांना ती दिसली नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या उपकरणावरून असे आढळले, की ती न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या आकृतीवर पडली होती. डोळा तेथे पोहोचला होता, परंतु त्या क्षणी जे शोधायचे होते त्यात ती आकृती बसत नसल्यामुळे ती जाणिवेपर्यंत आली नाही. या तज्ज्ञांचे कौशल्य खरेच होते. गाठी शोधण्यात ते सामान्य माणसाच्या कितीतरी पुढे होते. पण कौशल्य म्हणजेच बऱ्याच अंशी अपेक्षांचा नेमकेपणा असतो, आणि अपेक्षा नेमकी झाली की तिच्या बाहेरचे अधिक सहजपणे गळते.

तिसरी मर्यादा आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि सार्वजनिक चर्चेत ती सर्वांत कमी येते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये दिलेले निष्कर्ष असे : शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असते तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा निसटते, दर शंभरांत एकाच चित्रात असते तेव्हा ती सुमारे ३० टक्के वेळा निसटते. वस्तू तीच आणि शोधणारेही सामान्य दृष्टीचे. बदलले ते फक्त आढळाचे प्रमाण. हे केवळ प्रयोगशाळेपुरते नाही, हे २०१३ मध्ये मॅमोग्राफीच्या प्रत्यक्ष कामात दिसले. तीच कर्करोगाची चित्रे नेहमीच्या, विरळ आढळाच्या तपासणीत मिसळली तेव्हा रेडिओलॉजिस्टकडून सुमारे ३० टक्के निसटली, आणि निम्म्या चित्रांत कर्करोग असलेल्या चाचणीत दाखवली तेव्हा सुमारे १२ टक्के.

याची यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण उपाय तिच्यावरच अवलंबून आहे. ‘आहे’ म्हणण्यासाठी किती पुरावा पुरेसा मानायचा याचा एक निकष प्रत्येक निरीक्षक नकळत ठेवत असतो. ‘नाही’ हेच उत्तर शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरत असेल, तर हा निकष हळूहळू वर सरकतो आणि संदिग्ध चिन्हे ‘नाही’च्या बाजूला जातात. त्याबरोबर शोध थांबवण्याचा क्षणही अलीकडे येतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. उलट अनुभवातून शिकणारी कोणतीही व्यवस्था हेच करील. पण म्हणूनच ही चूक सूचना, शिक्षा किंवा निष्ठेचे आवाहन यांनी फारशी हटत नाही. ती शिकण्याच्या अभावातून येत नाही. नीट शिकल्यामुळेच ती येते.

चौथी मर्यादा काळाची. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांतले रडारचालक पाळी पुढे सरकेल तसे संकेत चुकवत, म्हणून ब्रिटिश हवाई दलासाठी नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक चाचणी तयार केली. कोऱ्या तबकडीवर काटा सेकंदाला एक पाऊल टाकी आणि क्वचित एकदम दोन पावले उडी घेई. ती दुहेरी उडी ओळखायची आणि असे दोन तास बसायचे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ओळखण्याचे प्रमाण पहिल्या अर्ध्या तासानंतरच लक्षणीय घसरत होते. दक्षतेचा हा ऱ्हास पुढे अनेक प्रकारच्या कामांत पुन्हा पुन्हा आढळला आहे. तो आळसाचा परिणाम मानावा असे पुरावे सांगत नाहीत. काहीच घडत नसताना सज्ज राहणे हे विश्रांतीसारखे दिसणारे, पण मानसिकदृष्ट्या थकवणारे काम आहे, असा पुढील संशोधनाचा कल आहे.

आता या चार गोष्टी एकत्र ठेवून यंत्रावर देखरेख करणाऱ्याच्या कामाकडे पाहावे. चूक क्वचित घडते, म्हणून निकष वर सरकतो. पाळी लांब असते, म्हणून दक्षता घटते. चूक कोणत्या रूपात येईल ते आधी माहीत नसते, म्हणून ती अपेक्षेच्या चौकटीबाहेर असते. आणि यंत्राचे उत्तर आधीच पडद्यावर असते, म्हणून वरून खाली येणारा अंदाज यंत्राच्याच बाजूने झुकलेला असतो. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकातल्या लेखात स्वयंचलनातील या अंतर्विरोधाची मांडणी केली होती : जी कामे यंत्राला जमतात ती काढून घेतल्यावर माणसाकडे देखरेख आणि आणीबाणीतला हस्तक्षेप एवढेच उरते, आणि नेमकी ही दोनच कामे त्याच्या हातून रोजचा सराव गेल्यामुळे अवघड होऊन बसतात. त्या लेखाला चार दशके उलटली. त्या वेळी प्रश्न कारखाने आणि विमाने यांच्यापुरता होता. आता तो दवाखाना, पोलीस ठाणे आणि खासगी मोटार येथे आला आहे.

विश्वासार्हता वाढली की दक्षता घटते, हे थेट तपासणाऱ्या प्रयोगांतला १९९३ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. राजा परशुरामन, रॉबर्ट मॉलॉय आणि बनारस हिंदू विद्यापीठातील इंद्रमणी सिंह यांनी उड्डाणाच्या सिम्युलेटरवर असे दाखवले, की स्वयंचलित प्रणाली एकसारख्या विश्वासार्हतेने चालते तेव्हा तिची चूक पकडण्यात माणसे खूप कमी पडतात. तिची विश्वासार्हता अधूनमधून खाली-वर होत राहिली तर ती बऱ्याच जास्त चुका पकडतात. याच अभ्यासातली एक पुस्ती लक्षात ठेवायला हवी : देखरेख हे एकमेव काम असताना हा परिणाम दिसला नाही; इतर कामेही हाताशी असताना तो ठळक झाला. परंतु यंत्र आणण्याचे आर्थिक समर्थनच मुळी असे असते, की माणसाला त्याच वेळी आणखी काही करता येईल. त्यामुळे प्रयोगातली जी परिस्थिती सुरक्षित होती, ती प्रत्यक्षात राखली जाण्याची शक्यता कमी.

यंत्राचा अंदाज माणसाच्या संवेदनावर किती भार टाकतो, हे २०२३ साली ‘रेडिओलॉजी’त आलेल्या जर्मन अभ्यासाने दाखवले. २७ रेडिओलॉजिस्टनी मॅमोग्राफीची ५० चित्रे वाचली. प्रत्येक चित्रासोबत कृत्रिम बुद्धिमत्तेचा म्हणून एक अंदाज दिला होता आणि काही अंदाज जाणूनबुजून चुकीचे ठेवले होते. अंदाज बरोबर असताना सर्वच गटांची अचूकता ८० टक्क्यांच्या आसपास होती. तो चुकीचा असताना नवख्यांची अचूकता सुमारे २० टक्क्यांवर आली, आणि अतिशय अनुभवी वाचकांचीही सुमारे ४५ टक्क्यांवर. अनुभवाने घसरण कमी झाली, थांबली नाही. स्वतंत्रपणे वाचले असते तर यांतली बरीच चित्रे याच व्यक्तींनी बरोबर वाचली असती असे मानायला जागा आहे. असे असेल, तर दोन स्वतंत्र मते एकमेकांना तपासत आहेत असे आपण समजतो तेथे प्रत्यक्षात दीड मतच असते.

काळ जसा पुढे जातो तसा या अवलंबनाचा परिणाम कौशल्यावरही होण्याची शक्यता आहे. पोलंडमधील चार केंद्रांतल्या अभ्यासात, जो २०२५ साली प्रसिद्ध झाला, आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना ॲडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ) आढळण्याचे प्रमाण २८.४ टक्के होते; मदत रुळल्यानंतर तीच तपासणी यंत्राविना केली तेव्हा ते २२.४ टक्के भरले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, रुग्णांचे मिश्रण किंवा कामाचा ताण यांचाही वाटा असू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष पक्का करू नये. पण त्याची दिशा बेनब्रिज यांच्या युक्तिवादाशी जुळते. विमानवाहतुकीने या प्रश्नाची किंमत आधीच मोजली आहे. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचे वेगमापक बर्फाच्या कणांनी क्षणभर बंद पडले, स्वयंचलित चालन सुटले आणि नियंत्रण अचानक वैमानिकांच्या हाती आले. त्यानंतर चार-साडेचार मिनिटांत विमान समुद्रात कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. कारणे अनेक होती. तरी फ्रेंच तपासयंत्रणेच्या शिफारशींत मोठ्या उंचीवर हाताने विमान हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा समावेश होता, ही गोष्ट बोलकी आहे.

रस्त्यावर हा प्रश्न सेकंदांत मोजता येतो. स्वयंचलित मोटारीकडून नियंत्रण परत घ्यायला चालकाला किती वेळ लागतो, यावर अलेक्झांडर एरिक्सन आणि नेव्हिल स्टँटन यांनी २०१७ साली सिम्युलेटरवर केलेल्या अभ्यासात, निकडीची परिस्थिती नसताना, १.९ ते २५.७ सेकंद इतका फरक आढळला. ताशी १२० किलोमीटर वेगात एक मोटार सेकंदाला ३३ मीटर जाते. म्हणजे पहिल्या आकड्यात ती सुमारे ६३ मीटर आणि दुसऱ्यात साडेआठशे मीटरहून अधिक पुढे गेलेली असेल. निकडीत माणूस अधिक जलद हालचाल करील, हे खरे. पण जलद हालचाल आणि परिस्थितीचे आकलन या भिन्न गोष्टी आहेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागल्यानंतर आपल्याकडे ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द चर्चेत आला. सरळ, अडथळारहित, एकसुरी ७०१ किलोमीटरचा रस्ता म्हणजे मॅकवर्थ यांच्या तबकडीचीच परिस्थिती होय. अशा रस्त्यावर लेन आणि अंतर राखणाऱ्या मोटारी वाढतील, तेव्हा चालकाला गुंतवून ठेवणारी स्टिअरिंगची आणि ब्रेकची उरलीसुरली कामेही कमी होतील, आणि कायद्याने मात्र त्याचे लक्ष पूर्वीइतकेच असल्याचे मानले जाईल.

या मानण्याचे परिणाम काय होतात, हे अमेरिकेतील टेम्पी शहराच्या घटनेतून दिसते. १८ मार्च २०१८ च्या रात्री उबरच्या चाचणीसाठी धावणाऱ्या स्वयंचलित मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ठार केले. तपासात आढळले, की धडकेच्या ५.६ सेकंद आधी प्रणालीला समोर काहीतरी असल्याचे कळले होते, पण ते काय आहे याचा तिचा निर्णय बदलत राहिला. पादचारी पट्ट्याबाहेरून माणूस रस्ता ओलांडू शकतो ही शक्यता तिच्या रचनेत धरलेली नव्हती. मोटारीत बसलेली सुरक्षा चालक त्या वेळी फोनकडे पाहत होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तिच्या दुर्लक्षाबरोबर कंपनीच्या अपुऱ्या सुरक्षाव्यवस्थेकडे आणि यंत्रावर विसंबल्याने येणाऱ्या निर्धास्तपणाकडेही बोट दाखवले. त्याआधी काही महिने कंपनीने मोटारीतील दोन चालकांऐवजी एकच ठेवायला सुरुवात केली होती. तरीही फौजदारी खटला कंपनीवर झाला नाही. तो चालकावर झाला आणि २०२३ साली तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. चालक निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. मुद्दा असा, की दीर्घकाळ टिकू न शकणारी दक्षता ज्या पदाचे कर्तव्य म्हणून लिहिली जाते, त्या पदावर कधी ना कधी कोणीतरी चुकणारच. त्या वेळी जबाबदारी रचनेकडून व्यक्तीकडे सरकवणे हे त्या पदाचे अघोषित कार्य ठरते.

महाराष्ट्रात हा प्रश्न दूरचा नाही. पोलीसकामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबई शहरात कॅमेऱ्यांचे जाळे आहेच. चेहरा जुळवण्याचे काम अशा व्यवस्थांकडे येते तेव्हा ‘यंत्र फक्त सुचवते, अधिकारी पडताळतो’ हेच उत्तर दिले जाते. या पडताळणीविषयी ऑस्ट्रेलियात २०१५ साली झालेला एक अभ्यास विचार करायला लावतो. सॉफ्टवेअरने काढलेल्या संभाव्य चेहऱ्यांच्या यादीतून योग्य चेहरा निवडण्यात पासपोर्ट विभागातील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे निम्म्याहून अधिक निर्णय चुकले, आणि त्यांची कामगिरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगली नव्हती. चेहरा तपासण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांनी मात्र लक्षणीय चांगले काम केले. कर्मचाऱ्यांच्या चुकांचे कारण अनुमानाच्या यंत्रणेत आहे : यादीतले चेहरे यंत्राने साम्य पाहूनच निवडलेले असतात, म्हणून ते सगळेच परिचित वाटतात, आणि खरा माणूस यादीत नसूही शकतो ही शक्यता मनात धूसर होते. एकदा साम्य ‘दिसले’ की नंतरचा प्रत्येक पुरावा त्या साम्याच्या उजेडात वाचला जातो. येथे निसटणारी गोष्ट गाठ नसते. एखाद्या निरपराध माणसाचे स्वातंत्र्य असते.

याविरुद्ध एक सबळ आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वीडनमध्ये एक लाखाहून अधिक महिलांवर झालेल्या ‘मसाई’ चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेल्या स्तनांच्या तपासणीत, २०२३ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चित्रवाचनाचा भार ४४ टक्क्यांनी घटला आणि कर्करोग आढळण्याचे प्रमाण घटण्याऐवजी सुमारे २९ टक्क्यांनी वाढले. मग वर मांडलेली भीती निराधार नाही का? मला वाटते, या चाचणीची रचना पाहिली तर ती माझ्या युक्तिवादाला खोडत नाही, त्याची मर्यादा स्पष्ट करते. तेथे यंत्राने आधी चित्रांची जोखमीनुसार वर्गवारी केली; बहुतेक चित्रे एका वाचकाकडे गेली आणि सर्वाधिक जोखमीची दोन वाचकांकडे. म्हणजे वाचकांसमोरच्या एका गठ्ठ्यात आढळाचे प्रमाण वाढले, तो गठ्ठा जोखमीचा आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि दुसरी नजर जेथे सर्वाधिक उपयोगी तेथे पडली. यशाची इतरही कारणे असतील, पण आढळाच्या प्रमाणाचा परिणाम ठाऊक असणाऱ्याला हे अनपेक्षित वाटणार नाही. या रचनेत माणसाला यंत्राच्या मागे चूक शोधत बसवले नव्हते. त्याला शोधण्यासारखे काहीतरी मिळेल अशा जागी बसवले होते.

अवधानाचा स्वभाव ओळखून केलेल्या रचना इतरत्रही आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्या रोजच्या परिसरातल्या आहेत. सामान तपासणाऱ्या क्ष-किरण यंत्रांवर अनेक विमानतळांत मधूनमधून शस्त्रांच्या कृत्रिम प्रतिमा मिसळल्या जातात. त्यामुळे धोक्याच्या आढळाचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढते, आणि कर्मचाऱ्याला लगेच प्रतिसादही मिळतो. जपानी रेल्वेत चालक संकेताकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो. तेथील रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत या पद्धतीने शंभर कृतींमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. भारतीय रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक एकमेकांना संकेत उच्चारून सांगतात, तेही याच तत्त्वावर : निष्क्रिय पाहण्याला हात आणि वाणी यांची सक्रिय जोड दिली, की अपेक्षेने भरून काढलेले दृश्य प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागते. मुंबईच्या लोकलगाड्यांत मोटरमनने लाल संकेत चुकवला तर ब्रेक लावणारी सहायक इशारा यंत्रणा आहे. तिच्या मांडणीतून एक शहाणपण शिकता येते : तेथे गाडी माणूस चालवतो आणि पहारा यंत्र देते. न थकता, क्षणाक्षणाला, दुर्मीळ घटनेची वाट पाहणे यंत्राला जमते. संदर्भ ओळखून, गुंतून, निर्णय घेणे माणसाला जमते. आजची बरीच नवी व्यवस्था ही वाटणी उलटी करत आहे.

या उपायांनाही मर्यादा आहेत. उच्चार यांत्रिक झाला की त्यातले अवधान निघून जाते, आणि कृत्रिम प्रतिमा ओळखीच्या झाल्या की त्या स्वतःच एक नवी अपेक्षा घडवतात. शिवाय, यंत्राने वारंवार खोटे इशारे दिले तर माणूस ते दुर्लक्षायला शिकतो. अतिदक्षता विभागांतील सततच्या गजरांबाबत हा अनुभव जगभर नोंदला गेला आहे. म्हणून एकच एक उपाय सुचवण्यापेक्षा, मानवी देखरेखीचा दावा जेथे केला जातो तेथे काही प्रश्न बंधनकारक करणे अधिक उपयोगी ठरेल. देखरेख करणारा यंत्राचे उत्तर पाहण्याआधी स्वतःचे मत नोंदवतो का? यंत्राच्या चुका तो प्रत्यक्षात किती प्रमाणात पकडतो, हे मुद्दाम मिसळलेल्या चुकांनी मोजले जाते का? त्याच्या पाळीची लांबी आणि सोबतची कामे अवधानाच्या मर्यादा पाहून ठरवली आहेत का, की फक्त वेतनखर्च पाहून? यंत्राशी असहमत होण्याची किंमत त्याला मोजावी लागते का, कारण असहमतीला वेळ लागतो आणि वेळेचा हिशेब त्याच्याकडूनच मागितला जातो? आणि यंत्राविना काम करण्याचा सराव टिकवण्याची सोय आहे का? युरोपीय कायद्याचे चौदावे कलम यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या प्रवृत्तीचा उल्लेख करते आणि देखरेख करणाऱ्याला तिची जाणीव असावी असे म्हणते. ही चांगली सुरुवात आहे, पण अपुरी. निकष नकळत सरकतो. त्याची जाणीव असणाऱ्याचाही तो सरकतो.

हे प्रश्न विचारले गेले नाहीत, तर पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे कठीण नाही. सुरुवातीची काही वर्षे यंत्रे पुरेशी चुकतील आणि माणसे त्या चुका पकडतील. त्या यशाचे आकडे देखरेख परिणामकारक असल्याचा पुरावा म्हणून दाखवले जातील. नंतर यंत्रे सुधारतील, चुका विरळ होतील, आणि त्याच गतीने त्या पकडण्याची शक्यताही खाली येईल. मात्र पकडलेल्या चुका कमी होणे हे यंत्र निर्दोष असण्याचे लक्षण मानले जाईल, कारण न पकडलेली चूक कोणत्याच नोंदीत येत नाही. याच काळात एका माणसाकडे अधिक यंत्रे सोपवली जातील आणि स्वतंत्रपणे काम करता येणारी पिढी निवृत्त होईल. उरलेल्या चुका संख्येने कमी, पण पूर्णपणे बिनपहाऱ्याच्या असतील. त्या उघडकीला येतील तेव्हा चौकशीचा अहवाल मानवी दोषावर थांबेल आणि उपाय म्हणून त्याच जागी आणखी एक सही वाढवली जाईल. एकूण अपघात घटलेही असतील, आणि ते घटणे मोलाचे आहे. परंतु माणूस पाहत आहे या हमीवर ज्यांनी संमती दिली त्या रुग्णाची, नागरिकाची आणि प्रवाशाची संमती चुकीच्या माहितीवर घेतलेली असेल. म्हणून देखरेखीची क्षमता मोजून दाखवल्याशिवाय तिला सुरक्षेच्या हिशेबात धरू नये, ही अट नियामकांनी आजच, यंत्रे अजून पुरेशी चुकत असताना घालायला हवी. ती मोजण्यासाठी लागणाऱ्या चुका आणि त्या ओळखणारी माणसे, दोन्ही पुढे दुर्मीळ होत जाणार आहेत.